मॅपिंग सॉफ्टवेअरने सी ड्राईव्ह भरून टाकलाय? डिलीट मारायच्या आधी हे बघा

सी ड्राईव्ह लाल झालाय, प्रोजेक्टचा फोल्डर तर जेमतेम दोन-चार जीबीचा दिसतोय, मग बाकीची जागा गेली कुठे? क्यूजीआयएस, आर्कजीआयएस प्रो, गूगल अर्थ प्रो, ड्रोनचे फोटो जोडणारी सॉफ्टवेअर, यातलं काहीही रोज वापरत असाल तर हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. आणि मग बहुतेक जण काय करतात, तर टेम्प फोल्डर उघडायचा, सगळं सिलेक्ट, डिलीट, झालं काम. थोडे दिवस बरं वाटतं आणि परत तेच. कधी कधी तर दुसऱ्या दिवशी प्रोजेक्ट उघडला की अर्धे लेयर गायब! म्हणून आधी हे बघूया की या फाईल्स कोण बनवतंय, आणि त्यातल्या खरंच फालतू कुठल्या, कारण फालतू दिसणाऱ्या बऱ्याच फाईल्स अजिबात फालतू नसतात.

एवढी जागा लागतेच कशाला

मुख्य खादाड म्हणजे रास्टर, म्हणजे पिक्सेलच्या चौकटींनी बनलेला डेटा. सेंटिनेल-2 या उपग्रहाच्या चित्राची एक टाईल (तुकडा) घ्या, 10 मीटरच्या बँडमध्ये 10980 गुणिले 10980 पिक्सेल असतात म्हणजे साधारण 12 कोटी. डाऊनलोड केलेली फाईल जेपी2 असते, दाबून बसवलेली, त्यामुळे ती लहान वाटते. आता त्यावर तुम्ही एनडीव्हीआय (हिरवळ किती ते सांगणारा निर्देशांक) काढला, उत्तर दशांशात आलं, ते फ्लोट32 मध्ये सेव्ह झालं, दर पिक्सेलला 4 बाईट, म्हणजे एकच बँड आणि फाईल जवळपास 480 एमबी, कारण टेम्पररी टिफ बहुतेक वेळा कॉम्प्रेशनशिवायच लिहिली जाते. मग रिप्रोजेक्ट केलं (दुसऱ्या कोऑर्डिनेट सिस्टीममध्ये नेलं), अजून एक तेवढीच. नोडेटा (रिकाम्या पिक्सेलचा ठरवलेला आकडा) चुकला म्हणून परत चालवलं, अजून एक. रिसॅम्पलिंगची पद्धत बदलून बघितली, अजून एक. एका दुपारच्या प्रयोगात पाच-सात जीबी सहज जातात आणि तुम्ही मुद्दाम सेव्ह असं काहीच केलेलं नसतं.

सॉफ्टवेअरचं यात चुकतं असंही नाही बरं का. एवढं सगळं रॅममध्ये मावणार नाही, ते कुठेतरी डिस्कवर ठेवावंच लागतं. प्रोग्राम नीट बंद केलात तर तो आपला पसारा बऱ्यापैकी आवरतो. खरी अडचण होते ती क्रॅशने. प्रोग्राम लटकला, तुम्ही टास्क मॅनेजरमधून एंड टास्क मारलं, की आवरायला कोणी उरतच नाही आणि त्या सेशनचा फोल्डर तसाच पडून राहतो. ज्याचा क्यूजीआयएस वारंवार क्रॅश होतो त्याचाच टेम्प फोल्डर सगळ्यात जाड असतो, यात नवल नाही.

आधी मोजा

विंडोजवर विंडोज की आणि आर दाबा, येणाऱ्या बॉक्समध्ये टक्क्याचं चिन्ह, मग इंग्रजीत टी-ई-एम-पी, मग परत टक्क्याचं चिन्ह, मधे स्पेस न देता टाईप करा आणि एंटर. हा तुमच्या युजरचा टेम्प फोल्डर. एक्सप्लोररमध्ये फोल्डरची साईज दिसत नाही त्यामुळे विनडिरस्टॅट किंवा ट्रीसाईजसारखं एखादं टूल सी ड्राईव्हवर चालवा, दोन्ही फुकटात मिळतात (ट्रीसाईजची फ्री आवृत्ती पुरते). लिनक्सवाल्यांना एनसीडीयू बेस्ट. मॅकवर टेम्पची जागा व्हार फोल्डर्सच्या आत कुठेतरी विचित्र नावांखाली असते, ती हाताने शोधत बसू नका, तिथेही टूलच वापरा.

टेम्पमध्ये नावं ओळखायला शिका. प्रोसेसिंग या शब्दाने सुरू होणारे आणि पुढे काहीतरी अगम्य अक्षरं असलेले फोल्डर क्यूजीआयएसच्या प्रोसेसिंग टूलबॉक्सचे. आत गेलात की लांबलचक नावाचे उपफोल्डर आणि प्रत्येकात आऊटपुट नावाची एखादी टिफ किंवा जीपॅकेज (जिओपॅकेज, लेयर साठवणारी डेटाबेस फाईल). आर्कजीआयएसप्रोटेम्प आणि पुढे एक आकडा, हे आर्कजीआयएस प्रोचे, प्रत्येक सेशनचा वेगळा. स्क्रॅच नावाची जिओडेटाबेस (आर्कजीआयएसचा डेटा साठवणारा फोल्डर) दिसली तर तीही त्याच घरची. टूलमध्ये दिसेल की यातला सगळ्यात मोठा कोण आणि कुठल्या तारखेचा, आणि तारीख महत्त्वाची आहे, कारण आजच्या तारखेचा फोल्डर म्हणजे कदाचित आत्ता चालू असलेलं सेशन.

डिलीट करायच्या आधी एक तपासणी, ही टाळू नका

प्रोजेक्ट फाईलमध्ये डेटा नसतो, फक्त डेटा कुठे आहे त्याचा पत्ता असतो. तुम्ही टूल चालवलं, आऊटपुटची जागा रिकामी सोडली, लेयर नकाशावर आला, छान दिसला, रंगबिंग दिले, प्रोजेक्ट सेव्ह केला. आता तो लेयर टेम्पमधल्या फाईलकडे बोट दाखवतोय. टेम्प साफ केला की लेयर गेला, रंग दिलेले राहतील पण खाली डेटाच नाही. क्यूजीआयएस उघडताना जी अनुपलब्ध लेयरची यादी समोर येते ना, ती बऱ्याचदा याचमुळे.

म्हणून लेयर पॅनलमध्ये प्रत्येक लेयरच्या नावावर माऊस नेऊन थांबा, फाईलचा पत्ता दिसतो. त्यात टेम्प आलं की तो लेयर आधी पक्का करा. क्यूजीआयएसमध्ये टेम्पररी लेयरच्या शेजारी छोट्या चिपसारखं आयकॉन येतं, त्यावर क्लिक केलं की मेक पर्मनंट विचारतं, तिथून प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये सेव्ह करा. आणि हो, मेमरीतले स्क्रॅच लेयर तर डिस्कवर कुठेच नसतात, प्रोग्राम बंद की ते संपले, त्यांनी जागा खाल्ली नाही एवढंच.

हे झालं की प्रोग्राम पूर्ण बंद करा. म्हणजे खिडकी बंद करून चालणार नाही, टास्क मॅनेजरमध्ये बघा मागे काही चालू तर नाही. मग जुन्या तारखांचे प्रोसेसिंग आणि आर्कजीआयएसप्रोटेम्पवाले फोल्डर बिनधास्त उडवा. विंडोज म्हणालं फाईल वापरात आहे, तर स्किप करा, जबरदस्ती करणारी टूल्स आणू नका, मशीन रीस्टार्ट करून परत डिलीट केलीत की तीच फाईल गुपचूप जाते. आणि रिसायकल बिन रिकामी करा, नाहीतर जागा मोकळी होणारच नाही आणि तुम्ही म्हणाल एवढं डिलीट केलं तरी काही फरक नाही.

कॅशे वेगळा, तो प्रोग्रामच्या आतूनच साफ करा

ऑनलाईन बेसमॅप जोडला की त्याच्या टाईल्स डिस्कवर साठवल्या जातात, परत तोच भाग बघितला की नेटवरून आणायला लागू नयेत म्हणून. हा उपयोगी साठा आहे, पूर्ण काढला तर नकाशा पुढच्या वेळी हळू उघडेल एवढंच नुकसान. पण हाताने फोल्डरमधून फाईल्स उपटू नका, प्रत्येक प्रोग्रामला त्यासाठी बटण आहे.

क्यूजीआयएसमध्ये सेटिंग्ज, ऑप्शन्स, नेटवर्क, तिथे कॅशे सेटिंग्ज, फोल्डर बदलता येतो, साईज ठरवता येते आणि क्लिअर पण करता येतं. बेसमॅप अर्धवट किंवा जुना दिसत असेल तरी हाच उपाय. आर्कजीआयएस प्रोमध्ये ऑप्शन्समध्ये डिस्प्ले उघडलं की क्लिअर कॅशे मिळेल. शिवाय तिथे प्रत्येक लेयरच्या प्रॉपर्टीजमध्ये कॅशेचा भाग असतो, कॅशे ठेवूच नको, सेशन संपल्यावर काढ, किंवा पुढच्या वेळेसाठी ठेव, असं लेयरनुसार ठरवता येतं. रोज बदलणारा डेटा असेल तर सेशन संपल्यावर काढ हेच बरं. गूगल अर्थ प्रोचा डिस्क कॅशे मुळातच मर्यादित असतो, साधारण 2 जीबीपर्यंत, त्यामुळे शंभर जीबीच्या भानगडीत तो आरोपी नसतोच, तरी साफ करायचा असेल तर हेल्प मेनूत रिपेअर टूल आहे, ते उघडून मुख्य प्रोग्राम बंद करायचा आणि मग क्लिअर डिस्क कॅशे.

डेटाच्या शेजारी उगवणाऱ्या फाईल्स

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो म्हणून जरा सावकाश वाचा. टेम्प साफ केला, कॅशे साफ केला, आता डेटाच्या फोल्डरमध्ये बघितलं तर एकेका फाईलच्या शेजारी पाच-सहा अनोळखी फाईल्स. हात शिवशिवतात.

शेपफाईल ही एक फाईल नसतेच, तो संच आहे. एसएचपी, एसएचएक्स आणि डीबीएफ या तीन हव्याच हव्यात, त्यातली डीबीएफ उडवली तर सगळी माहिती गेली, नुसते आकार उरले. पीआरजे गेली तर कुठल्या कोऑर्डिनेट सिस्टीममध्ये आहे ते कळायचं नाही. सीपीजी ही एवढीशी फाईल फालतू वाटते पण मजकूर कुठल्या एन्कोडिंगमध्ये आहे ते त्यात लिहिलेलं असतं, ती काढली की देवनागरीत भरलेली गावांची नावं चौकोन आणि प्रश्नचिन्हं होऊन बसतात. क्यूआयएक्स, एसबीएन, एसबीएक्स हे मात्र इंडेक्स, काढले तरी परत बनवता येतात, पण असल्या किरकोळ फाईल्स काढून वाचणार किती?

रास्टरच्या शेजारची डॉट ऑक्स डॉट एक्सएमएल. ही जीडॅल (क्यूजीआयएस आतून वापरतं ती रास्टर वाचण्या-लिहिण्याची लायब्ररी) बनवतं, आणि आर्कजीआयएसपण. हिस्टोग्राम किंवा स्टॅटिस्टिक्स काढले की ते यात लिहून ठेवलं जातं म्हणजे परत मोजायला नको. जिओटिफच्या शेजारी असेल तर बहुतेक वेळा काढली तरी चालते. पण बहुतेक वेळा म्हटलंय हां. जेपीजी किंवा पीएनजी नकाशा तुम्ही जिओरेफरन्स केला असेल तर त्याची कोऑर्डिनेट सिस्टीम याच फाईलमध्ये असू शकते, कारण जेपीजीच्या पोटात ती लिहायला जागाच नसते. तिथे ही फाईल आणि तिच्यासोबतची जेजीडब्ल्यू किंवा पीजीडब्ल्यू काढली की नकाशा गेला समुद्रात. ती नकोच असेल तर जीडॅलला पॅम (या फाईल्स लिहिणारी सोय) बंद ठेवायचं सेटिंग आहे, पण किलोबाईटची फाईल आहे, मी तर म्हणेन राहू दे बिचारी.

ओव्हीआर मात्र मोठी असते. ती पिरॅमिड म्हणजे रास्टरच्या लहान लहान प्रती, झूम आऊट केल्यावर नकाशा झटकन दिसावा म्हणून. गणित सोपं आहे, पहिली प्रत पाव आकाराची, पुढची त्याच्या पाव, असं करत सगळी बेरीज मूळच्या सुमारे एक तृतीयांश होते. म्हणजे कॉम्प्रेशन नसलेल्या 30 जीबीच्या मोझॅइकला (अनेक चित्रं जोडून केलेल्या रास्टरला) 10 जीबीची ओव्हीआर. मोझॅइक दाबलेला आणि पिरॅमिड न दाबलेले, असं असेल तर ओव्हीआर मूळ फाईलपेक्षाही मोठी निघू शकते! काढली तर डेटा जात नाही, फक्त नकाशा रखडत उघडतो. संपलेल्या, आर्काईव्हमध्ये टाकलेल्या कामाच्या ओव्हीआर खुशाल काढा, चालू कामाच्या ठेवा आणि बनवतानाच त्यांना कॉम्प्रेशन लावा.

आता जीपॅकेज. नावापुढे डब्ल्यूएएल आणि एसएचएम लागलेल्या दोन फाईल्स दिसतात, फाईल उघडी असताना त्या असणारच. डब्ल्यूएएलमध्ये तुम्ही केलेले पण मुख्य फाईलमध्ये अजून न उतरलेले बदल असतात. हिला कधीच हाताने डिलीट करू नका, क्रॅशनंतर मागे राहिली असेल तर नक्कीच नाही, कारण तुमचं शेवटचं एडिटिंग कदाचित तिथेच आहे. जीपॅकेज परत क्यूजीआयएसमध्ये उघडा, डेटा बघून घ्या, नीट बंद करा, त्या दोघी आपोआप जातात. आणि कृपा करून चालू जीपॅकेज ऑटो सिंक होणाऱ्या क्लाऊड फोल्डरमध्ये ठेवू नका, सिंकवाला प्रोग्राम मधेच तिन्ही फाईल्स वेगवेगळ्या वेळेला उचलतो आणि मग कॉन्फ्लिक्टच्या कॉप्या, नाहीतर फाईलच खराब.

जीपॅकेजचं अजून एक, आतले लेयर डिलीट केले तरी फाईल लहान होईलच असं नाही, आतली जागा रिकामी म्हणून धरून ठेवली जाते. क्यूजीआयएसच्या ब्राऊझर पॅनलमध्ये त्यावर राईट क्लिक करून कॉम्पॅक्ट डेटाबेस करा, मग फरक पडतो. आर्कजीआयएसच्या फाईल जिओडेटाबेसलाही कॉम्पॅक्ट नावाचंच टूल आहे. आर्कजीआयएस प्रोत प्रोजेक्टची डीफॉल्ट जिओडेटाबेस एकदा उघडून बघाच, प्रत्येक टूलचं आऊटपुट नाव न बदलता तिथेच जात राहतं आणि बफर, बफर1, बफर2 अशी रांग लागलेली असते. तिला टेम्प कोणी म्हणत नाही पण कारभार तोच. जिओडेटाबेसच्या फोल्डरमधल्या लॉक फाईल्स प्रोग्राम बंद झाला की जायला हव्यात, नेटवर्क ड्राईव्हवर असेल तर दुसऱ्या कोणी उघडलंय का ते आधी विचारा.

परत भरू नये म्हणून

सगळ्यात जास्त फरक पडतो टेम्पची जागा बदलल्याने. क्यूजीआयएसमध्ये सेटिंग्ज, ऑप्शन्स, प्रोसेसिंग, त्यात जनरल उघडा, टेम्पररी आऊटपुट फोल्डरचा पत्ता देता येतो, तिथे दुसऱ्या ड्राईव्हवरचा मोकळा फोल्डर द्या. शक्यतो एसएसडी, आणि नेटवर्क ड्राईव्ह तर नकोच, हळू पडतं. जीडॅल कमांड लाईनवरून वापरत असाल तर सीपीएल टीएमपीडीआयआर हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहे (मधे अंडरस्कोअर), त्यात नवा पत्ता भरा. आर्कजीआयएस प्रोमध्ये एन्व्हायर्नमेंट्समध्ये स्क्रॅच वर्कस्पेस ठरवता येतो. अशा वेगळ्या फोल्डरचा फायदा म्हणजे आत जे आहे ते सगळं फक्त मॅपिंगचं, वरची लेयरची तपासणी झाली असेल तर प्रोग्राम बंद असताना डोळे झाकून रिकामं करता येतं.

दुसरं म्हणजे फाईल बनवायचीच नाही. चाळीस टाईल्स जोडायच्या असतील तर मर्ज कशाला, बिल्ड व्हर्च्युअल रास्टर चालवा. व्हीआरटी म्हणजे एक छोटी टेक्स्ट फाईल, कुठली टाईल कुठे बसते एवढंच त्यात असतं, दिसायला मात्र एकसंध रास्टर. फक्त मूळ टाईल्स हलवल्या की ती मोडते आणि एकावर एक चार व्हीआरटी रचल्या तर काम मुंगीच्या पावलाने चालतं. आर्कजीआयएस प्रोत छोट्या मधल्या पायऱ्यांसाठी मेमरी वर्कस्पेस वापरा, आऊटपुटच्या पत्त्यात मेमरी लिहिलं की डिस्कवर काही जात नाही, अर्थात रॅम असेल तेवढंच.

क्रम बदलणं हा तर फुकटचा उपाय. आधी क्लिप (हवा तेवढा भाग कापणं), मग बाकी सगळं. लोक अख्खी टाईल रिप्रोजेक्ट करतात, अख्ख्या टाईलचा एनडीव्हीआय काढतात आणि शेवटी एका छोट्या पाणलोट क्षेत्रापुरतं कापतात! तसंच डेटा टाईप बघा. रिक्लासिफाय करून 1 ते 7 असे वर्ग केले असतील तर त्याला फ्लोट32 कशाला, बाईट टाईप द्या, तीच 480 एमबीची फाईल 120 एमबी होते, आणि वर डिफ्लेट किंवा एलझेडडब्ल्यू कॉम्प्रेशन लावलं तर अजून खूप खाली येते कारण एकसारखे आकडे सलग असतात. एक बारीक गोष्ट, जीडॅलवार्पला (जीडॅलचं रिप्रोजेक्ट करणारं टूल) थेट कॉम्प्रेस करून लिहायला सांगितलं तर फाईल अपेक्षेपेक्षा मोठी येऊ शकते, कारण तो तेच ब्लॉक परत परत लिहितो आणि जुनी जागा वाया जाते. शेवटी एकदा जीडॅल ट्रान्सलेटने कॉम्प्रेशन लावून नवी प्रत काढा, आकारातला फरक दिसेल.

क्यूजीआयएसचा मॉडेल डिझायनर (टूल्सची साखळी बनवायची सोय) वापरत असाल तर फक्त शेवटच्या पायरीला आऊटपुटचं नाव द्या, मधल्या पायऱ्यांना नाव दिलंत की प्रत्येकाची फाईल आणि लेयर दोन्ही तयार. पायथन स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांनी टेम्पररी डिरेक्टरी विथच्या ब्लॉकमध्ये घ्यावी, स्क्रिप्ट मधेच एरर देऊन पडली तरी ती आवरली जाते.

ड्रोनवाल्यांचं प्रकरण निराळं. मेटाशेप या ड्रोनचे फोटो जोडणाऱ्या सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्टशेजारचा फाईल्स नावाने संपणारा फोल्डर म्हणजे प्रोजेक्टच आहे, त्याला हात लावायचा नाही. जागा वाचवायची तर प्रेफरन्सेसमध्ये डेप्थ मॅप (प्रत्येक फोटोतलं अंतर मोजून ठेवलेल्या मधल्या फाईल्स) ठेवायचे की नाही ते बघा, किंवा ऑर्थोमोझॅइक (फोटो जोडून तयार झालेला नकाशा) एक्स्पोर्ट होऊन तपासून झाल्यावर प्रोग्रामच्या आतूनच डेप्थ मॅप काढा, परत लागले तर परत मोजायला वेळ जाईल हे धरून.

लिनक्सवर एक वेगळाच फटका बसतो. बऱ्याच नव्या डिस्ट्रोमध्ये टीएमपी हा फोल्डर डिस्कवर नसून रॅममध्ये असतो, फेडोरात आहे, डेबियन 13 पासून तिथेही. म्हणजे दहा जीबीचं टेम्पररी रास्टर लिहिलं की डिस्क मोकळी दिसते आणि मशीन मात्र गुदमरतं, किंवा डिस्क फुल असा मेसेज येतो आणि तुम्ही बघत बसता की अरे दोनशे जीबी तर मोकळी आहे. तिथे टेम्पचा पत्ता बदलणं हाच इलाज. शिवाय सिस्टमडी (लिनक्सच्या मागे चालणाऱ्या सेवा सांभाळणारा प्रोग्राम) टीएमपीमधल्या 10 दिवस न वापरलेल्या फाईल्स आपणहून काढतो, व्हार टीएमपीसाठी 30 दिवस. विंडोजवरचं स्टोरेज सेन्सही चालू असेल तर वापरात नसलेल्या टेम्प फाईल्स अशाच साफ करतं. चांगलं आहे, पण वरची तपासणी केली नसेल तर लेयर कोणी पळवले ते कळणारही नाही.

एवढं सगळं करूनही जागा जातच असेल तर रंगेहाथ पकडा. विंडोजमध्ये रिसोर्स मॉनिटर उघडा, डिस्क टॅबवर जा, डिस्क अ‍ॅक्टिव्हिटीची यादी राईटच्या कॉलमवर क्लिक करून लावा आणि मग मॅपिंगचं काम नेहमीसारखं करत राहा. कुठला प्रोग्राम कुठल्या पत्त्यावर लिहितोय ते तिथल्या तिथे दिसतं. बऱ्याचदा निघतं की दोषी मॅपिंग सॉफ्टवेअर नाहीच, रॅम कमी पडल्यामुळे विंडोजची पेजफाईल फुगतेय. तसं असेल तर टेम्प साफ करून काही होणार नाही, एका वेळी कमी टाईल्स घेऊन तुकड्या-तुकड्याने चालवा किंवा रॅम वाढवा.